दहा हजारांचे अनुदान, दोन वर्गखोल्या: आधी काय घ्यावे, काय टाळावे?

दोनखोली

आमची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी, पटसंख्या २६. समग्र शिक्षातून संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. शिवाय वीजबिल, नोंदवह्या, खडू आणि किरकोळ दुरुस्ती यांचे पैसे बाजूला काढले की वर्गासाठी जेमतेम साडेपाच-सहा हजार उरतात. दोन्ही खोल्या साधारण २० बाय २० फूट. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. प्रत्येक खोलीत समोर एकच फळा आहे आणि त्यावर खडू घसरतो. गणिताची जुनी पेटी आहे, पण अर्धे सुटे भाग हरवलेत. पुस्तके कपाटात आहेत.

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, बऱ्याच शाळांनी छापील फ्लेक्स तक्ते लावलेत. काही जण म्हणतात, पैसे साठवून टीव्ही घ्या. एवढ्या पैशांत मुलांना खरोखर रोज उपयोगी पडेल असे काय करता येईल? मापे, प्रमाण आणि करण्याची रीत सांगितलीत तर जास्त बरे. सुतार, रंगारी लावायला पैसे नाहीत. पालक श्रमदानाला तयार आहेत.

---

फळा_आणि_भिंत

मॅडम, फ्लेक्स घेऊ नका. आठ दिवसांनी मुलांची नजर त्यावर ठरत नाही. त्यावर लिहिता येत नाही, पुसता येत नाही, आणि खिडकीसमोर लावला तर उजेड परावर्तित होऊन मागच्या मुलांना नुसता पांढरा चकाका दिसतो. त्याच भिंतीवर मुलांसाठी फळ्याचा पट्टा करा. हिशेब असा: प्रत्येक खोलीची मागची भिंत, म्हणजे मुख्य फळ्यासमोरची, २० फूट लांब. पट्टा अडीच फूट उंचीचा. दोन खोल्या मिळून ४० फूट लांबी होते, म्हणजे २६ मुलांना प्रत्येकी दीड फूट स्वतःची जागा. बाजूच्या भिंतींना खिडक्या असल्याने तिथे पट्टा तुटतो, म्हणून मागचीच भिंत धरा.

खालची कड पहिली-दुसरीच्या खोलीत जमिनीपासून पावणेदोन फुटांवर आणि तिसरी-चौथीला सव्वादोन फुटांवर घ्या. मोठ्यांच्या डोळ्याला योग्य वाटणारी उंची लहानांना हमखास जास्त पडते. खात्री करायची असेल तर पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या मुलाला भिंतीशी उभे करा आणि हात वर न ताणता त्याला कुठपर्यंत लिहिता येते तिथे खूण करा.

क्षेत्रफळ एकूण १०० चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर फळ्याचा रंग एका हाताला साधारण ८० ते १०० चौरस फूट पुरतो. दोन हात द्यायचे, म्हणून दोन ते अडीच लिटर लागेल. भिंत खरबरीत असेल तर तीन धरा. जोडीला एक लिटर प्रायमर, अर्धा लिटर टर्पेंटाइन, ८० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर, चार इंची ब्रश आणि कडा सरळ येण्यासाठी कागदी चिकटपट्टी.

सगळे यश खालच्या भिंतीवर आहे. चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर सरळ रंग दिला तर पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात, कारण रंग भिंतीला नाही, चुन्याच्या भुकटीला चिकटलेला असतो. पुट्टीच्या पात्याने चुना प्लॅस्टरपर्यंत खरवडा, ८० नंबरने घासा, ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस वाळू द्या. खड्डे असतील तेवढेच पुट्टीने भरा, संपूर्ण पट्ट्यावर पुट्टीचा जाड थर नको. मग प्रायमर, एक दिवस विश्रांती, पहिला हात आडवा. तो वाळला की २२० नंबरने हलकेच घासून दुसरा हात उभा. त्यानंतर किमान तीन दिवस कुणालाही लिहू देऊ नका.

लिहायला सुरुवात करण्याआधी एक काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. खडू आडवा धरून पूर्ण पट्टा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा, असे दोनदा. तसे केले नाही तर नव्या रंगाच्या बारीक छिद्रांत पहिल्या दिवशीची अक्षरे बसतात आणि वर्षभर पुसटशी दिसत राहतात. पहिला आठवडा ओले फडके लावू नका.

तुमच्या जुन्या फळ्यावर खडू घसरतो, याचा अर्थ त्यावर बहुधा कधीतरी चकचकीत ऑइलपेंट दिला गेलाय. तो १२० नंबरच्या पॉलिशपेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा आणि त्यावर फळ्याच्या रंगाचा एकच पातळ हात द्या. दुकानदार ‘काळा रंग घ्या, तोच चालतो’ म्हणाला तरी घेऊ नका. डब्यावर ब्लॅकबोर्ड पेंट असे छापलेलेच घ्या.

---

मणीमाळ

गणिताची तयार पेटी पुन्हा घेऊ नका, त्याचे कारण आधी सांगते. पेटीतल्या दशकाच्या दांड्या अखंड प्लॅस्टिकच्या असतात. ४२ मधून १७ वजा करताना दशक सुटला पाहिजे, तिथे दांडी मोडत नाही. मग मूल ‘दांडी द्या, दहा सुटे घ्या’ ही अदलाबदल नुसती पाठ करते. गठ्ठा स्वतःच्या हाताने सोडला की हातचा म्हणजे काय हे वेगळे समजवावे लागत नाही.

म्हणून आइस्क्रीमच्या काड्या घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मोकळ्या मिळतात. पहिली-दुसरीत १२ मुले धरली तर ६ जोड्या. एका जोडीला ९ गठ्ठे आणि २० सुट्या, म्हणजे ११० काड्या. सहा जोड्यांना ६६०. थोड्या तुटतात, हरवतात, म्हणून ७०० आणा. साधे रबर उन्हाळ्याच्या सुट्टीत कडक होऊन तुटतात आणि काड्यांना चिकटतात. त्याऐवजी पंक्चरच्या दुकानातून सायकलची बाद ट्यूब आणून कात्रीने चार मिलिमीटर रुंदीच्या चकत्या कापा. दोन वेढे दिले की दहा काड्या घट्ट बसतात. एका ट्यूबमध्ये सगळ्या वर्गाचे भागते. आधी ट्यूब साबणाने धुऊन घ्या, आतली पांढरी पावडर हाताला लागते.

खराट्याचे हीर फुकट मिळतात हे खरे, पण टोकदार असतात आणि एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक असल्याने गठ्ठा सुटतो. वापरायचेच असतील तर बारीक टोक काढून टाका, मधला दहा सेंटीमीटरचा भाग तेवढा घ्या आणि दोन्ही तोंडे पॉलिशपेपरवर घासा.

दुसरी वस्तू शंभर मण्यांची माळ. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे दोनच रंग. हौसेने दहा रंग घेतले तर मूल संख्या न मोजता ‘हिरव्यात’ असे रंगावरून सांगू लागते. वर्गात टांगायची माळ दोन सेंटीमीटरच्या मण्यांची करा, दोन मीटर होईल. दोरी त्यापेक्षा वीतभर लांब ठेवा. मणी सरकायला जागा नसेल तर ‘इथपर्यंत सत्तेचाळीस’ असे वेगळे करून दाखवता येत नाही. दोन खिळे मुलांच्या खांद्याच्या उंचीवर ठोका, छताजवळ नाही. संख्या दाखवायला कपड्यांचा चिमटा वापरा. तो मण्यावर लावायचा नाही, सत्तेचाळीसावा मणी संपल्यावर दोरीवर लावायचा. मण्यावर लावला तर तो मणी धरायचा की सोडायचा याचा गोंधळ होतो आणि उत्तर एकाने चुकते.

तिसरी वस्तू पूर्ण फुकट. लग्नसराई संपली की घरोघरच्या पत्रिका मागवा. कागद जाड आणि मागची बाजू बहुतेक कोरी असते. त्यांची एकमेकांवर बसणारी संख्याकार्डे करा. उंची सगळ्यांची सहा सेंटीमीटर, एककाचे कार्ड चार सेंटीमीटर रुंद, दशकाचे आठ, शतकाचे बारा. १ ते ९, १० ते ९० आणि १०० ते ९००, असा सत्तावीस कार्डांचा एक संच. प्रत्येक अंक आपल्या चार सेंटीमीटरच्या घरात बरोबर मध्ये लिहा, नाहीतर एकावर एक ठेवल्यावर खालचा शून्य डोकावतो. ४० च्या कार्डावर उजवी कड जुळवून ३ ठेवला की ४३ दिसतात, उचलला की खाली ४० तसेच.

मराठीत याची गरज फार आहे. ‘त्रेचाळीस’ ऐकताना तीन आधी कानावर येतो, चाळीस नंतर. मूल ऐकल्या क्रमाने लिहिते आणि ४३ चे ३४ होतात. हे दुर्लक्षाने होत नाही, भाषेच्या रचनेमुळे होते. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन दिले तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. तुम्ही कोणतेही वाचन घ्या, पण मुलाच्या हातात चाळीसचे कार्ड आधी आणि तीनचे नंतर पडले पाहिजे. ‘त्रेचाळीस’ म्हणताना मुलाला आधी चाळीस शोधायला लावा, तीन आपोआप हाताशी येतो.

वजन-मापाला काही विकत आणू नका. कपड्यांचा हँगर आणि दोन सारख्या करवंट्या यांचा तराजू होतो. दोऱ्या समान लांबीच्या घ्या आणि हँगरच्या दोन्ही टोकांना खाचा पाडा, म्हणजे दोरी सरकणार नाही. रिकामा तराजू एका बाजूला कलला तर हलक्या बाजूच्या दोरीला ओल्या मातीची गोळी चिकटवून समतोल करा. मिठाचा न फोडलेला एक किलोचा पुडा हे वजन. १०० मिलिलिटर पाण्याचे वजन १०० ग्रॅम, त्यावरून वाळूच्या पुरचुंड्या मुलांकडूनच जोखून घ्या.

---

शिवलेली_वही

पुस्तकांबद्दल लिहितो. कपाटातून बाहेर काढा, हे पहिले. पुस्तक फाटेल, हरवेल, साठा नोंदवहीत कमी भरेल, या धास्तीने ती आत राहतात. वापरून फाटलेल्या पुस्तकांचे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने निर्लेखन करता येते, म्हणजे ती साठ्यातून रीतसर कमी करता येतात, ती रीत आहेच.

मांडणीसाठी लाकडी रॅकची गरज नाही. जुन्या सुती साडीचा किंवा जाड चादरीचा पडदा शिवून घ्या, त्यावर २५ सेंटीमीटर रुंदीचे बारा कप्पे. पुस्तकाचे मुखपृष्ठ समोर दिसले पाहिजे, कारण न वाचता येणारे मूल चित्रावरून निवड करते. कप्पा पुस्तकाच्या निम्म्या उंचीचाच ठेवा. पूर्ण उंचीचा केला तर मुखपृष्ठ झाकते. पडदा भिंतीला चिकटवून टांगू नका, मागे बांबू घालून दोन बोटे अंतर ठेवा. ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीतून येतात. बारीक नायलॉन दोरीवर पुस्तके वाळत घातल्यासारखी लटकवतात, त्याने महिन्याभरात शिवण तुटते.

नवी पुस्तके घेण्याआधी छापून घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार आहेत. त्या मुक्त परवान्याच्या असल्याने छापायला हरकत नसते, फक्त लेखक-चित्रकारांच्या नावांचे पान वगळू नका. बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन मोफत वाचायला आहेत, तिसरी-चौथीला वाचून दाखवायला उत्तम.

छपाईची रीत: ए-फोर कागद आडवा, मध्ये घडी, म्हणजे एका कागदावर चार पाने. म्हणून गोष्टीची पाने चारच्या पटीत बसवा, सोळा पानांच्या गोष्टीला चार कागद. झेरॉक्सवाल्याला ‘बुकलेट’ म्हणून सांगा आणि कागद उलटताना ‘लहान कडेवर’ हे आवर्जून सांगा, नाहीतर मागची पाने उलटी येतात. आधी एक प्रत काढून पाने तपासा, मगच बाकीच्या. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद चित्रे काळी ठिक्कर पडतात. पांढरी जागा जास्त असलेल्या गोष्टी निवडा, मुलांना त्या रंगवताही येतात.

स्टेपल मारू नका. दमट हवेत पिना गंजतात आणि लहानांच्या बोटाला लागतात. घडीवर दाभणाने तीन भोके पाडा. जाड दोरा मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत न्या, मग खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि दोन्ही टोकांची गाठ लांब धाग्यावर आतल्या बाजूने मारा. मुखपृष्ठाला जुन्या दिनदर्शिकेचे पान. एक गोष्ट एकाच प्रतीत काढू नका, चार-चार प्रती काढा. चार मुले एकाच वेळी तेच पान उघडून बसली की एक अडला तर दुसरा सांगतो. पन्नास वेगळ्या पुस्तकांपेक्षा पंधरा गोष्टींच्या चार-चार प्रती घेणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

---

हिशेबनीस

पैशांच्या बाजूचे दोन शब्द. अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत १०,०००, ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. म्हणजे तुमचा पट ३१ झाला तर रक्कम अडीचपट होते. गावातल्या अंगणवाडीतून बाहेरच्या शाळेत जाणारी पाच-सहा मुले असतील तर जूनआधी त्या घरी जाऊन या.

पैसे बऱ्याचदा वर्षाच्या उत्तरार्धात हाती येतात आणि मार्चअखेरची घाई होते. त्या घाईत दुकानात तयार असेल ते, म्हणजे तक्ते, घेतले जाते. म्हणून मापांसहित यादी ऑगस्टमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडून ठराव लिहून ठेवा. पैसे आले की फक्त खरेदी उरते.

रक्कम दुकानदाराच्या बँक खात्यावर जाते, त्यामुळे रंग, काड्या, मणी, छपाई यांसाठी खाते असलेला आणि पक्के बिल देणारा दुकानदार आधीच पाहून ठेवा. बिलावर ‘शालेय साहित्य’ असे मोघम नको. ‘फळ्याचा रंग २.५ लिटर’ असे वस्तू आणि परिमाण हवे, लेखापरीक्षणात तेच विचारतात. रंग, खडू, कागद उपभोग्य साठ्यात. तराजू, माळ अशा टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत. पंक्चरवाल्याची ट्यूब आणि पत्रिका यांना बिल नसते, त्या लोकसहभाग म्हणून नोंदवा.

छत गळणे, नळ, स्वच्छतागृह यांच्या मोठ्या कामांना, स्वच्छतेचा ठरलेला भाग सोडून, या दहा हजारांतला रुपयाही घालू नका. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ही कामे बसतात. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्याआधी समितीचा ठराव आणि लेखी मागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेले आराखड्यात येत नाही.

---

तंत्रस्नेही

टीव्हीच्या बाजूने एक सांगतो. वाईट वस्तू नाही, पण सहा हजारांत येणारा जुना संच घेऊ नका. त्याआधी वायरिंग, अर्थिंग आणि वीजबिल कोण भरणार हे ठरले पाहिजे. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे पाठ आणि कविता ऐकवायला मोबाइल आणि चांगला ब्लूटूथ स्पीकर पुरतो. तुमच्या एवढ्या खोलीला दहा वॉटचा स्पीकर घ्या. मोबाइलचा स्वतःचा आवाज मागच्या रांगेत शब्द तुटत पोहोचतो आणि भाषा ऐकवताना नेमके शब्दच महत्त्वाचे.

---

दोनखोली

सर्वांचे मनापासून आभार. फळ्याचा पट्टा आणि काड्या आधी घेते. दोन शंका आहेत. पहिली-दुसरीच्या खोलीत मागच्या भिंतीला पावसाळ्यात खालून ओल चढते. तिथे रंग टिकेल का? आणि पाट्या फुटल्यात, नव्या घ्याव्यात की दुसरे काही?

---

फळा_आणि_भिंत

ओल आता आहे की नाही ते आधी पाहा. फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तासांनी काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर त्या भिंतीवर रंग देऊ नका, कितीही चांगला असला तरी फुगे येतील. तशा वेळी तसाच पट्टा प्लायवर करा. आठ बाय चार फुटांचा सहा मिलिमीटर प्लाय मध्ये चिरून घेतला की दोन फूट उंचीच्या दोन पट्ट्या मिळतात, म्हणजे १६ फूट लांबी. मागची बाजू आणि चारही कडांना आधी प्रायमर द्या, कारण ओल कडेतूनच शिरते. भिंत आणि प्लाय यांच्यात लाकडी पट्ट्या ठोकून इंचभर पोकळी ठेवा. खर्च रंगापेक्षा बराच जास्त आहे, म्हणून यंदा फक्त कोरड्या खोलीत रंग आणि ओलीच्या खोलीत एकच प्लाय, असे करा. तेवढ्यात तिथे दहा मुले एका वेळी लिहितील.

---

मणीमाळ

पाट्यांऐवजी ए-फोर मापाचे पारदर्शक पाउच घ्या, फाइलला लावतात ते. आत एका बाजूला चौकटीचा, दुसऱ्या बाजूला दुरेघी कागद आणि मध्ये पुठ्ठा घाला. पुठ्ठा नसेल तर मांडीवर लिहिता येत नाही. वर व्हाइटबोर्ड मार्कर, पुसायला जुना सुती मोजा. पहिलीला मात्र रोज हेच देऊ नका. गुळगुळीत पृष्ठावर हाताला रोध मिळत नाही आणि अक्षराचे वळण सैल पडते, त्यांना पाटी किंवा खडूचा पट्टाच बरा. लिहिलेले दोन-तीन दिवस तसेच राहिले तर डाग बसतो. त्याच मार्करने डागावर पुन्हा गिरवा आणि ओले असतानाच पुसा, निघून जातो. मार्कर शाळा सुटताना गोळा करून आडवे ठेवा. टोक वर करून उभे ठेवले की शाई खाली उतरते आणि आठवड्यात फिके लिहू लागतात.